चौथं बंडल

मुंगीला त्या सकाळी चहा गेला नाही. आईने विचारलं, "काय गं, बरं नाही का?" तर ती चपला घालता घालता म्हणाली, "बरी आहे. आज मोठ्या बाईंचं पोट उघडायचंय." नऊ वाजता ऑपरेशनच्या टेबलाशी नर्स म्हणून कोणी उभं राहायचं ते खुद्द मोठ्या बाईंनीच सांगून ठेवलं होतं. "मुंगीला ठेवा," म्हणाल्या होत्या, "नाहीतर मी आपली घरी जाते गाठ घेऊन."

मोठ्या बाई म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं. नाहीतर एवढ्या धीराच्या पोरीला चहा का गेला नाही ते कळायचं नाही.

पन्नासेक वर्षांपूर्वी या हॉस्पिटलात ऑपरेशन चालू असताना नर्सने तोंड उघडायचं नसे. कात्री मागितली की कात्री द्यायची, दोरा मागितला की दोरा. मॉप म्हणजे पोटातलं रक्त टिपायचा जाड कापडी रुमाल. असे पंधरा-वीस आत जायचे आणि बाहेर यायचे. किती गेले, किती आले, हे कोणाच्या ध्यानात? डॉक्टरांच्या. आणि डॉक्टरांचं ध्यान शेवटच्या टाक्याआधीच घरी जेवायला पोचलेलं. एका बाळंतिणीच्या पोटात एक मॉप राहिला. ती बाई तीनदा पोटदुखी घेऊन आली, तीनदा तिला मनाचे खेळ म्हणून परत पाठवलं, आणि चौथ्यांदा आली ती इथेच गेली. मोठ्या बाई तेव्हा काही मोठ्या नव्हत्या, पंचविशीच्या साध्या नर्स होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टेबलाशी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. तेव्हाचे सर्जन म्हणाले, "ही काय बालवाडी आहे? बाहेर व्हा." बाई बाहेर झाल्या आणि दाराच्या काचेतून मोजत राहिल्या. मग शिक्षा म्हणून त्यांची रवानगी धुलाईखान्यात झाली. तिथे तर आयतंच फावलं, कारण सगळे मळके मॉप यायचे तिथेच. रोज संध्याकाळी सर्जनच्या टेबलावर बाईंची चिठ्ठी जायची: "आज एक कमी आला. कोणाच्या पोटात आहे ते कळवावे." बावीस दिवस चिठ्ठ्या गेल्या. तेविसाव्या दिवशी साहेबांनी हात टेकले आणि बाईंना परत बोलावलं.

त्यानंतर बाईंनी जे नियम घालून दिले ते आजतागायत चालू आहेत, आणि फक्त याच हॉस्पिटलात नाही. पाच-पाच मॉपचं बंडल येतं, त्याचा दोरा तोडायचा, एकेक मॉप वेगळा करून दोघींनी मोठ्याने मोजायचा. मोजताना कोणीही बोलायचं नाही, डॉक्टरनेही नाही. आणि शेवटी आकडा जुळल्याशिवाय नर्सने टाक्याची सुई द्यायची नाही. साधी गोष्ट. पण त्यापायी किती जीव वाचले ते देवच जाणे.

मुंगीची आई याच हॉस्पिटलात फरशी पुसायची. पोरगी शाळेतून आली की जिन्यात बसून अभ्यास करायची आणि जाता-येता आईची बादली उचलायची, आकाराने बादलीएवढीच. बाईंनी तिचं नाव मुंगी ठेवलं. पुढे नर्सिंगचा फॉर्म आणला बाईंनी, भरला बाईंनी, आणि "मला नाही जमायचं" म्हणून मुंगी रडत बसली तेव्हा दोन तास झापलंही बाईंनीच. आता बत्तीस वर्षांची झाली तरी हॉस्पिटलात तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही.

तर अशा बाई आता शहात्तर वर्षांच्या होऊन टेबलावर आडव्या झाल्या होत्या. आतड्यात गाठ. भुलीच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या हाताची शीर शोधत होत्या आणि शीर काही सापडत नव्हती. म्हातारीच्या शिरा त्या, सुई दिसली की पळायच्या. पाच मिनिटांचं काम वीस मिनिटांवर गेलं. एरवी मोजणी होईतो पेशंट झोपलेला असतो, नाहीतर भीतीने गप्प असतो. बाई टक्क जाग्या होत्या, आणि बोलत होत्या.

मुंगीने पहिलं बंडल सोडलं. मोजणीत जोडीला जी होती तिला सगळे वहिनी म्हणत, कारण तिचा दीर याच हॉस्पिटलात ड्रायव्हर होता आणि त्याची हाक सगळ्यांनी उचलली होती. दोघींनी मोजलं. पाच. दुसरं बंडल, दहा. तिसरं, पंधरा.

"मुंगे," बाई टेबलावरून म्हणाल्या, "तुझ्या आईचे गुडघे काय म्हणतात?"

मुंगी दचकली. मोजणी चालू असताना बाई बोलतायत? ज्यांनी एकदा मोजणीच्या वेळी शिंकल्याबद्दल एका डॉक्टरला बाहेर काढलं होतं, त्या? तिने मान वर केली. बाई तिच्याकडेच बघत होत्या. हिरव्या टोपीखाली त्यांचा चेहरा एवढासा दिसत होता.

"बरे आहेत, बाई," मुंगी म्हणाली. आणि बोलता बोलता तिच्या अंगठ्याने चौथ्या बंडलाच्या कडा फुर्रकन चाळल्या, तोंडाने "वीस" म्हटलं, पलीकडून वहिनीनेही सवयीने "वीस" म्हटलं आणि फळ्यावर लिहिलं. दोरा तुटला तो नंतर. मॉप वेगळे झालेच नाहीत.

मुंगीला ते लगेच कळलं. पुन्हा मोजायला हवं, हेही कळलं. पण तेवढ्यात शीर सापडली, बाईंचे डोळे मिटले, मोठे डॉक्टर हात धुऊन आत आले, आणि चाकू मागितला. मुंगीने मनाशी म्हटलं, एवढं काय, पाचच असतात. आणि चाकू दिला.

पुढचे अडीच तास ती गोष्ट तिच्या मानगुटीवर बसून होती. हात काम करत होते, डोकं चौथ्या बंडलापाशी. गाठ निघाली. मोठे डॉक्टर मोठ्या हाताचे होते, नावाला साजेसे, आणि हात चांगला होता त्यांचा. पण बाईंचं रक्त बरंच गेलं. बाटल्या बदलत भुलीच्या डॉक्टरीणबाई दर थोड्या वेळाने प्रेशरचा आकडा सांगत होत्या, आणि आकडा काही वर चढायचं नाव घेत नव्हता.

"चला, मिटवू या," मोठे डॉक्टर म्हणाले. "दोरा द्या, सिस्टर."

"मोजते, सर."

ते थांबले. ते स्वतः शिकाऊ होते तेव्हा बाईंच्या शिव्या खाऊनच मोठे झाले होते. मुंगीने आणि वहिनीने मोजलं. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस.

वहिनीने फळ्याकडे बघितलं. फळ्यावर वीस.

पुन्हा मोजलं. एकोणीस. वहिनीने बादल्या उलट्या केल्या, कचऱ्याची पिशवी जमिनीवर पसरली, टेबलाखाली वाकून बघितलं, प्रत्येकाला पाय उचलायला लावून तळवे बघितले. हिरव्या चादरींच्या घड्या उलगडल्या. मोठ्या डॉक्टरांनी पोटात हात घालून कोपरा न् कोपरा चाचपला. लिव्हरच्या खाली, आतड्यांच्या मागे, पार खाली ओटीपोटात. काही नाही.

"वरचं प्रेशर पंच्याहत्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला फार वेळ धरून ठेवता येणार नाही."

मोठ्या डॉक्टरांनी मुंगीकडे बघितलं. "सुरुवातीची मोजणी पक्की होती?"

आता इथे खरी गोम होती. हो म्हटलं असतं तर मॉप आतच आहे असं धरून त्यांनी शोधलं असतं आणि मुंगीची अब्रू राहिली असती. नाही म्हटलं तर चौथ्या बंडलात चारच मॉप होते असं समजून ते पोट मिटवतील, आणि आत खरंच राहिला असला तर? म्हणजे खोटं बोललं तर बाईंचं पोट बघितलं जाणार आणि खरं बोललं तर नाही. इकडे आड, तिकडे विहीर. मुंगीला टेबलावर बघवेना. पण खोटं सांगून मिळालेली मोजणी बाईंना चालली असती का, एवढं मात्र तिला विचारावं लागलं नाही.

"पक्की नव्हती, सर. चौथं बंडल मी वेगळं करून मोजलं नाही."

वहिनीने डोळे मिटून घेतले. मोठ्या डॉक्टरांनी श्वास सोडला. त्यांच्या आवाजात राग कमी आणि सुटका जास्त होती. "म्हणजे बंडलच चारचं असणार. संपलं. द्या दोरा."

सुई मुंगीच्या हातात होती, दोरा ओवलेला होता. द्यायची तेवढी बाकी होती.

"नाही, सर."

"काय नाही?"

"चारचं होतं हे मला माहीत नाही. पाचचं होतं हेही माहीत नाही. एक्स-रे काढावा लागेल." मॉपमध्ये एक निळा दोरा शिवलेला असतो, तो एक्स-रेत दिसतो. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मशीन खालच्या मजल्यावर आहे," वहिनी हळूच म्हणाली. "पंधरा मिनिटं तरी."

"सत्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मोठे डॉक्टर मास्कच्या आडून बोलले तेव्हा त्यांचा आवाज खूप खाली गेला होता. "सिस्टर, चूक तुमची. त्या चुकीपायी बाई टेबलावर गेल्या तर?"

मुंगीला खरोखर माहीत नव्हतं की ती बरोबर करतेय की स्वतःच्या चुकीवर दुसरी चूक रचतेय. "तर मी तसं लिहून देईन, सर," ती म्हणाली. "पण सुई देणार नाही."

दुसरी सुई ट्रेमध्येच होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. मोठ्या डॉक्टरांनी हात लांब केला नाही. त्यांनी ओल्या कापडाने बाईंचं पोट झाकलं, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि म्हणाले, "मागवा मशीन."

ती पंधरा मिनिटं कशी गेली ते मुंगीला कोणी विचारू नये. मशीन एकदा दारात अडलं. पट्टेवाल्याला चाक सोडवायला बोलावलं. प्रेशर सत्तर, अडुसष्ट, मग रक्ताची आणखी एक पिशवी, मग बहात्तर. मुंगी मनातल्या मनात मोजत होती, आणि काय मोजतेय ते तिला ठाऊक नव्हतं. फोटो आला. मोठ्या डॉक्टरांनी उजेडात धरला, खालून वर बघितला, वरून खाली बघितला.

निळ्या दोऱ्याची खूण कुठेच नव्हती. पोट रिकामं होतं.

"आता द्याल?" ते म्हणाले. मुंगीने सुई दिली.

दुपारी सामानखान्यातल्या बायकांनी त्याच गठ्ठ्यातली उरलेली बंडलं सोडून बघितली. बावीस बंडलं बरोबर निघाली आणि एकात चार. तेव्हा चौथं बंडलही तसलंच असणार, याबद्दल कोणाच्या मनात शंका राहिली नाही. राहिली ती फक्त बाईंची काळजी. ऑपरेशन निभावलं, पण बाई शुद्धीवर येईनात, आणि लघवी होईना. प्रेशर इतका वेळ खाली राहिलं की किडनीवर ताण येतो, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पोरही सांगेल. पलंगाला लटकवलेल्या पिशवीत तळाशी चमचाभर पिवळं पाणी, बास.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. एक पुतण्या होता, पोस्टात नोकरीला, शांत माणूस. आत्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोन दिवस बसून होता. कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतंच. हॉस्पिटलात भिंतींना कान असतात आणि तोंडंही. मुंगी समोरून गेली तशी तो उठून उभा राहिला. "सिस्टर, ते एक्स-रेचं खरं का? गरज नव्हती म्हणतात."

"गरज नव्हती, हे नंतर कळलं," मुंगी म्हणाली. "आधी कळलं असतं ते माझ्या चुकीमुळे कळलं नाही."

त्याने मान हलवली आणि परत बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. मुंगीला त्या माणसाच्या पुढ्यातून चालत जाणं जड झालं. घरी आई म्हणाली, "जेव गं," तर तिने ताट सारलं. "आई, त्यांनी मला इथवर आणलं आणि मी त्यांना मारून टाकलं तर?" आई म्हणाली, "असं अभद्र बोलू नये." वहिनी समजूत घालायला आली: "अगं, तू नियमाने वागलीस." मुंगी म्हणाली, "नियमाने वागले असते तर ही वेळच आली नसती." त्यावर वहिनी आली तशी परत गेली, कारण त्या "वीस"मध्ये तिचाही आवाज होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत दोनशे मिली लघवी भरली. दहा वाजेतो साडेतीनशे. जिथे जाईल तिथे वहिनी हाच आकडा सांगत सुटली. बारा वाजता बाईंनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं, आणि पाणी द्यायचं नाही म्हटल्यावर नर्सला जे ऐकवलं त्यावरून डोकं शाबूत असल्याची सगळ्यांची खात्री पटली.

मुंगी एक वाजता त्यांच्याकडे गेली. पलंगाशी उभी राहिली, आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. चौथं बंडल, एकोणीस, सुई, पंधरा मिनिटं. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "बाई, तुमचे हे दोन दिवस माझ्यामुळे गेले. तुम्हीही गेला असता."

"सांगितलं मला तुमच्या त्या मोठ्या डॉक्टराने," बाई म्हणाल्या. आवाज पार बसला होता. "तुमची मुंगी चावते, म्हणाला." थोडं हसल्या, मग टाके दुखले म्हणून थांबल्या. "सुई दिली नाहीस ना? मग ते झालं. त्याचं मला सांगू नकोस. बंडलाचं सांग. का चाळलंस?"

मुंगी सलाईनची बाटली बघायला लागली. खरं कारण ओठांवर आलं होतं, पण ते बाईंना कसं सांगायचं?

"मूग गिळून बसू नकोस. मी बोलले म्हणून ना?"

"मी उत्तर द्यायला नको होतं, बाई."

"मी बोलायला नको होतं. नियम माझा, मोडला मी." बाईंनी छताकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला भीती वाटत होती गं. चाळीस वर्षं त्या टेबलाशी उभी राहिले, पण त्याच्यावर आडवं होऊन डोक्यावरचा दिवा बघितला नव्हता कधी. कोणीतरी माझ्याकडे बघावं एवढंच वाटत होतं. तू मोजत होतीस, ती डॉक्टरीण सुई टोचत होती, आणि माझ्याकडे कोणी नव्हतंच. तू वर बघितलंस तेव्हा इतकं बरं वाटलं, काय सांगू. तेवढ्यासाठी तुझी मोजणी चुकवली मी."

मुंगीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. बाईंना भीती वाटते, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"रडायचं नंतर. वही काढ," बाई म्हणाल्या. "नियम वाढवायचाय. पेशंट झोपेपर्यंत एकीने त्याच्या उशाशी उभं राहायचं. तिने मोजायचं नाही, लिहायचं नाही, कात्री उचलायची नाही. फक्त त्याच्याकडे बघायचं आणि बोलायचं. तिला दुसरं काम सांगेल त्याला माझ्याकडे पाठव."

"माणसं कमी आहेत म्हणतील, बाई."

"म्हणू देत. मोजायलाही कमीच होती." बाईंना धाप लागली. "किती जणांना त्या दिव्याखाली एकटं झोपवलं मी, मुंगे. आकडा जुळला की बास, मला वाटायचं. हे लिहू नकोस. नियम तेवढा लिही."

मुंगीने लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. दोन वाजता तिला ऑपरेशन थिएटरला पोचायचं होतं, आणि हात धुवायलाच दहा मिनिटं लागत. तिने वही मिटली आणि उठली, तर बाहीला ओढ बसली. बाईंनी तिची बाही बोटांत धरली होती. सलाईनच्या सुईमुळे हात सुजला होता, तरी पकड घट्ट होती.

"दोनला टेबल आहे ना?" बाई म्हणाल्या. "मग जा. उशीर करू नकोस."

"जाते, बाई."

"जा म्हटलं ना," बाई म्हणाल्या, आणि बाही सोडली नाही.

मुंगीने दारातल्या नर्सला खूण करून थिएटरला निरोप द्यायला सांगितलं, आज माझ्या जागी दुसरी उभी करा म्हणून. मग ती स्टूल ओढून उशाशी बसली, आणि आईच्या गुडघ्यांचं पहिल्यापासून सांगायला लागली.